अठ्ठ्याण्णवचा रुबाब

रास अल खैमात पंपावर गाडी लावली की तीन आकडे समोर उभे राहतात: 91, 95 आणि 98. दहावीच्या निकालांवर पोसलेल्या मराठी मनाला पुढचं सांगावं लागत नाही. 98 म्हणजे बोर्डात आलेलं पोर, 91 म्हणजे ‘बरं आहे, पण अजून थोडा अभ्यास हवा होता’. मग भाड्याने घेतलेली चिमुकली गाडीसुद्धा ऐटीत ‘सुपर, फुल टँक’ मागते. पंपावरचा मुलगा काही बोलत नाही. त्याने कशाला बोलावं?

गंमत अशी की हे मार्क हुशारीचे नाहीतच. पंपावरचा हा आकडा ऑक्टेनचा, आणि तो पेट्रोलची ताकद सांगत नाही, सोशिकपणा सांगतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, मग प्लगची ठिणगी पडते आणि तिथून ज्योत पसरत जाते. दाब आणि उष्णता फार झाली तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपण पेट घेतं. इंजिनातून जी ठकठक ऐकू येते, ती हीच. तिलाच मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतो. ऑक्टेन जास्त, म्हणजे पेट्रोल असं घाईने पेटत नाही. बस, एवढंच. 98च्या लिटरमध्ये 91पेक्षा जादा ताकद भरलेली नसते, आणि इंजिन साफ होतं म्हणावं तर ते काम पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वेगळ्या रसायनांचं, ऑक्टेनचं नव्हे.

शून्य आलं झाडातून

ही मोजपट्टी 1926 साली अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर यांनी सुचवली. अजिबात न ठोकणाऱ्या आयसोऑक्टेनला 100 आणि सतत ठोकणाऱ्या हेप्टेनला 0. तुमचं पेट्रोल 95 टक्के आयसोऑक्टेन आणि 5 टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकं सोसत असेल, तर ते 95.

आता हे शुद्ध हेप्टेन आणायचं कुठून? कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या डिंकातून! इतर पाइनच्या डिंकातून टर्पेंटाइन मिळतं, याच्यातून जवळजवळ निव्वळ हेप्टेन. एकोणिसाव्या शतकात टर्पेंटाइन काढणाऱ्यांची झाड ओळखण्यात गफलत झाली की भट्टी उडायची.

एडगर यांच्या हाताखाली रसेल मार्कर नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ होता. पुढे तो मेक्सिकोच्या जंगलात रानकंद खणत फिरला आणि त्या कंदापासून त्याने प्रोजेस्टेरॉन तयार करून दाखवलं. गर्भनिरोधक गोळीचा रस्ता तिथून खुला झाला. पेट्रोल पंपावरचा आकडा आणि औषधाच्या दुकानातली गोळी, दोन्हींच्या कुंडलीत एकच माणूस!

ऑक्टेन वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पेट्रोलमध्ये शिसं घालणं. तो टॉमस मिजली यांनी 1921 मध्ये शोधला आणि जगाने त्याची किंमत कित्येक दशकं श्वासातून मोजली. भारतातून शिशाचं पेट्रोल 2000 साली गेलं, यूएईतून 2003च्या सुरुवातीला. सगळ्यात शेवटी, 2021 मध्ये, अल्जीरियाने ते बंद केलं.

अमेरिकेचा 87, इथला 91

यूएईत अमेरिकेहून आलेल्या जुन्या गाड्या भरपूर. शारजाच्या सूक अल हराज या गाड्यांच्या बाजारातून अशी एखादी घेऊन कुणी रास अल खैमाला येतो, टाकीचं झाकण उघडतो आणि आत वाचतो: 87. इथे तर 91च्या खाली काहीच नाही! घाबरायचं कारण नाही. ऑक्टेन मोजायच्या दोन रीती आहेत. दोन्हींसाठी एकाच सिलिंडरचं खास इंजिन वापरतात, ज्याचा दाब ते चालू असतानाच कमीजास्त करता येतो. एका रीतीत ते मिनिटाला 600 फेरे घेतं, दुसरीत 900, आणि ही दुसरी रीत जास्त कडक. यूएई आणि भारत पहिलीचा आकडा छापतात, अमेरिका दोन्हींची सरासरी. त्यामुळे त्यांचा 87 तो ढोबळमानाने आपला 91.

कळसूबाईपेक्षा उंच

थंडीच्या दिवसांत शुक्रवार-शनिवार-रविवार बघून रास अल खैमात येणाऱ्या मराठी गाड्यांचा मोर्चा ठरलेला: जेबेल जैस. यूएईतला हा सर्वांत उंच डोंगर 1,900 मीटरच्या वर जातो, आपली कळसूबाई 1,646. वरच्या हॉटेलचं नावच मुळी ‘1484 बाय पुरो’ आहे, कारण ते तितक्या मीटरवर आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटपेक्षाही वर बसून तुम्ही कॉफी पिता.

ऑक्टेनची गोष्ट इथे उलटसुलट होते. चढ, पाच माणसं, डिकीत डबे, एसी चालू: इंजिनावर ताण, म्हणजे ठकठकीची शक्यता जास्त. पण उंचावर हवा विरळ. सिलिंडरमध्ये हवाच कमी शिरते, दाब कमी होतो आणि ठकठकीची शक्यता घटते! म्हणूनच अमेरिकेत रॉकी पर्वताच्या राज्यांमध्ये आजही 85चं (त्यांच्या मोजणीने) पेट्रोल विकतात. ती सवलत जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी ठीक होती. टर्बोवाली गाडी विरळ हवा पुन्हा दाबून भरते, तिला उंचीचा दिलासा नाही. तेव्हा जैसवर जाताना कंपनीने सांगितलेलंच पेट्रोल टाका. घाटासाठी वेगळं 98 नको आणि ‘वर हवा पातळ आहे’ म्हणून कंजुषीही नको.

खरी परीक्षा घाटात नाही, सपाटीवर ऑगस्टच्या दुपारी असते. बाहेर 45 अंश, शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर गाड्या तुंबलेल्या, इंजिनात शिरणारी हवाच तापलेली. अशा वेळी ठकठक लवकर सुरू होते. आताच्या गाड्यांमध्ये ती ऐकणारा सेन्सर असतो. तो संगणकाला कळवतो, संगणक ठिणगी जरा उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण पिकअप मंदावतो आणि ॲव्हरेजही घसरतो. म्हणजे 95च्या गाडीत 91 टाकून वाचवलेले पैसे दुसऱ्या खिशातून जातात.

उलट दिशेने मात्र हा हिशेब चालत नाही. 91वर समाधानी असलेल्या इंजिनाला 98 पाजलं, तर बहुतेक वेळा त्याला त्याचं करायचं काय हेच कळत नाही. टर्बो किंवा जास्त दाबाच्या ज्या इंजिनांसाठी कंपनीच 98 सुचवते, त्यांना फायदा होतो, बाकीच्यांच्या मालकांना फक्त समाधान. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालक संघटनेने 2016 मध्ये हिशेब मांडला होता: गरज नसताना महाग पेट्रोल भरून तिथल्या लोकांनी वर्षात 2.1 अब्ज डॉलर उडवले.

अकरा फिल्सची गोष्ट

यूएईत ऑगस्ट 2015पासून पेट्रोलचे भाव महिन्याला बदलतात. त्या पहिल्या महिन्यात सुपर 98 होतं 2.25 दिरहम आणि स्पेशल 95 होतं 2.14. कोरोनाच्या काळात भाव गोठले तेव्हा 1.91 आणि 1.80. जुलै 2022मध्ये भडका उडाला तेव्हा 4.63 आणि 4.52. वजाबाकी करून बघा: तिन्ही वेळा फरक 11 फिल्स! 95 आणि ई-प्लस 91मधलं अंतरही असंच, सात-आठ फिल्सचं. 50 लिटरच्या टाकीला 91ऐवजी 98 भरलं तर साधारण साडेनऊ दिरहम जादा जातात. तेवढ्यात गाडीतल्या सगळ्यांचा करक चहा निघतो. फक्त 91 प्रत्येक पंपावर मिळेलच असं नाही, तिथे 95 भरा आणि गप्प बसा.

आणि हो, हे मार्क शंभरावर थांबत नाहीत. इथेनॉलला 108च्या आसपास पडतात. भारतातलं पेट्रोल पूर्वी 88चं होतं, बीएस-3 हे प्रदूषणाचे निकष आल्यावर 91चं झालं आणि 20 टक्के इथेनॉलवालं ई20 थेट 95ला पोचलं. तरी गावाकडची मंडळी ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार करतात, ती का? इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी. मार्क वाढले, दम घटला. ज्यांना एवढ्यानेही आकड्याचा सोस सुटत नाही, त्यांच्यासाठी इंडियन ऑइलने डिसेंबर 2020मध्ये मुंबई-पुण्यासह दहा शहरांत एक्सपी100 आणलं. दिल्लीत तेव्हा ते 160 रुपये लिटर होतं, साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट.

95च्या गाडीत गडबडीत 91 पडलंच तर? अर्धी टाकी संपेपर्यंत गाडी दामटू नका, मग वरून 98 भरा. निम्मं निम्मं मिळून साडेचौऱ्याण्णवच्या आसपास येतं. पेट्रोलच्या गाडीत डिझेल गेलं, तर मात्र ही मात्रा लागू नाही. डिझेलला नेमकं दाबाने आपोआपच पेटायचं असतं, त्याचा ऑक्टेन तळाला. स्टार्टर फिरवू नका, गाडी ढकलून बाजूला घ्या आणि रिकव्हरीवाल्याला फोन लावा.