जमिनीपासून बोटभर वर

सोयाबीनची पेरणी आटोपली आणि पाऊस उघडला, की वाशिम जिल्ह्यात पारावर बसलेल्यांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो: अधांतरी. ‘यंदाची पेरणी अधांतरी हाय.’ बी तर मातीत दोन बोटे खोल गेलेले असते. ते उगवणार, की दुबार पेरणीचा खर्च अंगावर येणार, एवढेच काय ते ठरायचे असते. जमिनीत पुरलेल्या बियाण्यासाठी हवेत लोंबकळणाऱ्या वस्तूचा शब्द वापरावा, ही मराठीची ताकद मला फार भावते.

शब्द उकलून पाहावा. ‘अंतर’ म्हणजे दोन गोष्टींमधली मोकळी जागा. शेवटचा ‘ई’ हा घरी, दारी, शेजारी यांतला, सप्तमीचा. जुन्या लेखनात त्यावर अनुस्वारही असे. म्हणजे अधांतरी हा मुळात पत्ता आहे. अमुक कुठे आहे? घरी नाही, दारी नाही, मधल्या पोकळीत आहे. ‘अंतरिक्ष’ हा त्याच ‘अंतर’चा भाऊबंद, ऋग्वेदाइतका जुना, पृथ्वी आणि द्युलोक यांच्या मधल्या प्रदेशाचे नाव.

पाण्यावरचे तरंगणे वेगळ्या घराण्यातले. तरंग, तरणे, तारणे, तारू, ही सगळी ‘तॄ’ म्हणजे पार जाणे या धातूची लेकरे. तिथे खाली पाण्याचा आधार असतो आणि पलीकडे काठ असतो. म्हणून माणूस संकटातून तरून जातो, देव भक्ताला तारतो. अधांतरीला काठच नाही. बदली, निकाल, ठरत आलेले लग्न, सगळे अधांतरी राहते आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

‘अधर’ची गंमत आणखी निराळी. संस्कृतात तो खालचा ओठ. मराठीत मात्र कशालाही न टेकलेला. आमची आजी लोणच्याची बरणी फळीवरून काढायला सांगताना बजावायची, ‘अधर उचल गं, घासू नको.’ दोन्ही तळव्यांत पेललेली ती चिनी मातीची जड बरणी, फळीपासून बोटभर वर, आणि माझा रोखलेला श्वास. अधर हा शब्द मी कोशातून नाही, हातांनी शिकले.

या सगळ्या शब्दांना जिथे देवाचे नाव मिळाले, ते गाव याच जिल्ह्यात आहे. मालेगाव तालुक्यातले (मालेगाव वाशिमचे, नाशिकचे नव्हे) शिरपूर. धुळ्याच्या शिरपूरशी घोटाळा नको म्हणून लोक ‘शिरपूर जैन’ म्हणतात. इथला देव अंतरिक्ष पार्श्वनाथ. काळी, पद्मासनातली मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अशी भाविकांची श्रद्धा. चौदाव्या शतकातल्या जिनप्रभसूरींनी आपल्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात या तीर्थावर स्वतंत्र प्रकरण लिहिले; म्हणजे कीर्ती निदान साडेसहाशे वर्षांची.

कथा अशी सांगतात. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या राजाला त्वचारोग जडला होता. रानातल्या जलाशयात त्याने हातपाय धुतले आणि रोग गेला. राणीने मागोवा घेतला, स्वप्नात दृष्टांत झाला, पाण्यातून मूर्ती निघाली. गाडीत घालून ने, पण मागे वळून पाहू नको, ही अट. राजाला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिले. गाडी पुढे निघून गेली आणि मूर्ती तिथेच राहिली, अधांतरी. मला या कथेत चमत्काराहून ते वळून पाहणे खरे वाटते. मागे ओझे जाणवत नसले, की कोण वळून पाहणार नाही?

मूर्ती वाळू आणि शेणाची घडवलेली, असेही परंपरा सांगते. त्यामुळे तिला वेळोवेळी लेप द्यावा लागतो. तो कोणी आणि कसा द्यायचा, पूजा कोणाच्या रीतीने व्हायची, यावरून दिगंबर आणि श्वेतांबर पंथांत वाद उभा राहिला. १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या गेल्या. तरी १९२९ मध्ये खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १९८१ पासून गाभारा बंद होता आणि दर्शन झरोक्यातून होई. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, सुमारे ४२ वर्षांनी, दार उघडले. एक पिढी जन्मली, मोठी झाली, तिच्या लेकरांनीही त्याच झरोक्याला डोळा लावला. ही गोष्ट दोन्ही पंथांच्या भाविकांसाठी माझ्या मनाला लागते.

मूर्ती आणि जमीन यांच्यातले अंतर मात्र लोकांनी कधी इंचात मोजले नाही. पूर्वी म्हणे घोडेस्वार खालून सहज निघून जाई. पुढे डोक्यावर घागर घेतलेली बाई जाऊ शके, एवढीच जागा उरली. आणि आता, पातळ उपरणे एका बाजूने सरकवून दुसऱ्या बाजूने अलगद ओढून घेता येईल, एवढी.