मंदगतीत बंद पडणारे इंजिन : जुन्या फोर्ड एफ-१५० पिकअपच्या संदर्भात दोषनिदानाचे विवेचन

प्रस्तावना

गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे आणि चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नाही, या अवस्थेस कारागिरांच्या बोलीत 'आयडलिंग' म्हणतात. सिग्नलला थांबताच इंजिन बंद पडते आणि किंचित रेस दिली की सावरते, ही जुन्या वाहनांची सर्वपरिचित तक्रार होय. वरकरणी ती किरकोळ वाटते. परंतु इंजिन बंद पडताच पॉवर स्टिअरिंगचे साहाय्य नाहीसे होते आणि पेडल दोन-तीनदा दाबताच ब्रेकचे साहाय्यही संपते. वळणावर हे घडल्यास जड वाहन आवरणे कठीण जाते. शिवाय निदान चुकल्यास एकामागून एक निर्दोष भाग बदलले जातात आणि दोष जागीच राहतो.

प्रस्तुत विवेचनासाठी फोर्ड एफ-१५० या अमेरिकन पिकअपमधील ४.९ लिटर, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन निवडले आहे. १९६५ मध्ये आलेले हे इंजिन मूळचे कार्बोरेटरचे. १९८७ पासून १९९६ पर्यंत ते संगणकनियंत्रित इंधन फवारणीवर चालले. शरीर जुने आणि मेंदू नवा, अशी ही रचना असल्याने कारण व लक्षण यांतील संबंध तिच्यात विशेष गुंतागुंतीचा झालेला दिसतो.

मंदगतीचे स्वरूप

मंदगतीत थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन हवा ओढत असतात, पण वाट अरुंद असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये निर्वात निर्माण होतो. सुस्थितीतील इंजिनात समुद्रसपाटीवर तो सामान्यतः १७ ते २१ इंच पारा इतका भरतो. दर हजार फूट उंचीमागे सुमारे १ इंच कमी. या अवस्थेत इंजिन जेमतेम स्वतःचे घर्षण आणि अल्टरनेटरसारखी जोडयंत्रे पेलण्याइतकीच शक्ती देते. शिल्लक काहीच नसते. म्हणूनच महामार्गावर जाणवतही नाही असा क्षुल्लक दोष येथे इंजिन बंद पाडतो.

मिटलेल्या झडपेला वळसा घालून थोडी हवा आत सोडण्याचे काम एक विद्युत्‌चलित व्हॉल्व्ह करतो. संगणक त्याची उघडझाप नियंत्रित करतो. काजळी साचून हा व्हॉल्व्ह अडकला की गरम इंजिन थांबताना बंद पडते. त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर जातो, आणि बहुधा पहिला खर्चही. तो काम करतो की नाही हे पाहण्याची रीत मात्र फुकट आहे : गरम इंजिन मंदगतीत असताना त्याचा विद्युत् जोड काढावा. फेरे स्पष्टपणे उतरले किंवा इंजिन बंद पडले, तर व्हॉल्व्ह आपले काम करीत होता असे समजावे.

संगणक चूक कशी झाकतो

निर्वात गळती हे दुसरे नेहमीचे उत्तर. येथे मात्र सरधोपट अनुमान फसते. कार्बोरेटरच्या गाडीत फाटक्या नळीतून शिरलेली हवा मिश्रण पातळ करते व इंजिन मरगळते. प्रस्तुत इंजिनाच्या बहुतेक आवृत्त्यांत आत येणारी हवा थेट मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधील दाबावरून संगणक तिचा अंदाज बांधतो. गळतीने दाब वाढला की तो अधिक इंधन देतो, परिणामी फेरे वाढतात. मग ते उतरविण्यासाठी तोच संगणक हवेचा व्हॉल्व्ह मिटू लागतो. एकच गळती दोन रचनांत परस्परविरुद्ध लक्षणे दाखविते. एका गाडीवर शिकलेला अनुभव दुसरीवर जसाच्या तसा लावणारा कारागीर येथेच चुकतो, आणि त्याला दोष देणेही तितकेसे न्याय्य नाही.

याहून फसवा दोष ईजीआर व्हॉल्व्हचा. धुरातील काही अंश पुन्हा सिलिंडरमध्ये सोडणारा हा व्हॉल्व्ह मंदगतीत पूर्ण मिटलेला असावा लागतो. काजळीचा एखादा खडा बैठकीत अडकला की निष्क्रिय धूर आत येतो व ज्वलन विस्कळीत होते. दाब वाढलेला पाहून संगणक मात्र ही ताजी हवाच समजतो आणि इंधन वाढवितो. वेगात असताना हा व्हॉल्व्ह एरवीही उघडा असतो, म्हणून तेथे तक्रार नसते. निर्वाताची नळी काढूनही फरक पडला नाही, तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी तात्पुरती पत्र्याची चकती बसवून पाहावे. इंजिन स्थिरावले तर दोष व्हॉल्व्हमध्येच आहे हे ठरते.

संगणकाने नोंदविलेले दोषांक उपयुक्त असले तरी ते निदान नव्हेत. दाबमापक संवेदकाचा अंक आला म्हणजे त्याची खूण अपेक्षित मर्यादेबाहेर गेली, इतकेच. त्याच्याकडे जाणारी रबरी नळी तडकली असली तरी अंक तोच येऊ शकतो.

विझणे आणि तुटणे

इंजिन कसे बंद पडते, याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. गचके देत हळूहळू विझणारे इंजिन बहुधा हवा किंवा इंधनाकडे बोट दाखविते. दिवा मालवावा तसे एकाएकी तुटणारे इंजिन ठिणगीकडे. फोर्डच्या त्या काळातील अनेक वाहनांत इग्निशन मॉड्यूल डिस्ट्रिब्यूटरवरच बसविलेले असे. ते तापून निकामी होते व गाडी धावतानाही बंद पडते, या तक्रारीवरून कॅलिफोर्नियात खटला चालला. कंपनीने आरोप नाकारले. तथापि न्यायाधीश मायकेल बॅलाची यांनी २००० मध्ये वाहने परत मागविण्याचा आदेश दिला आणि २००१ मध्ये तडजोड झाली. असा दोष रेस देऊन सावरत नाही. गाडी थंड झाल्यावर मात्र ती निमूटपणे सुरू होते. येथे हवेचा व्हॉल्व्ह कितीदा बदलला तरी उपयोग शून्य.

भाग बदलला आणि दोष गेला, म्हणजे तो भागच सदोष होता असे ठरत नाही. बदलताना जोड घासला जातो, गॅस्केट नवे बसते, सैल नळी नकळत घट्ट होते. शंका असल्यास जुना भाग पुन्हा बसवून गाडी चालवावी. दोष परतला नाही, तर जुना भाग सदोष नव्हता असे समजावे.