आठवण कुणी ठेवायची?

१९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं आणि बघता बघता मराठी स्वयंपाकघरात संसाराचं उघडं दफ्तर भिंतीवर लागलं. चतुर्थी, एकादशी छापलेल्या असायच्याच. त्याच चौकटींत पेनाने दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या बाईंचे खाडे, बाळाच्या लशीचा दिवस. लिहायची बहुतेक आईच. पण लिहिलेलं सगळ्यांसमोर असायचं. ती माहेरी गेली तरी दुधाचा हिशेब अडत नसे.

पुढे कुकर, मिक्सर, वॉशिंग मशीनने हातांचे कष्ट हलके केले. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि वीजबिलाची रांगही घरबसल्या संपली. हे उपकार मोठे आहेत, नाकारू नयेत. तरी केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २९९ मिनिटं होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ मध्ये ती २८९ आणि ८८ झाली. शिवाय भाजी चिरताना डोक्यात उद्याच्या डब्याची, परवाच्या फीची जुळवाजुळव चालू असते, ती कुठल्या रकान्यात मांडणार?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये हे डोक्यातलं काम उलगडून दाखवलं: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवायला बहुधा दोघं असतात. आधीचं ओळखणं आणि नंतरचं लक्ष बाईकडेच जास्त.

मोबाइल आला तेव्हा वाटलं, आता हेही सुटेल. झालं असं की भिंतीवरचं दफ्तर एकेकाच्या खिशात गेलं. ‘उद्या पिवळा शर्ट’ हा शाळेचा निरोप रात्री दहाला व्हॉट्सॲपवर येतो, आणि त्या ग्रुपमध्ये बहुतेक आयाच. गॅस नवऱ्याच्या नावावर, म्हणून सिलिंडर दारात आणि ओटीपी त्याच्या ऑफिसात. मी लावलेलं रिमाइंडर मलाच उठवतं. ते मला विसरू देत नाही, पण ओझं माझ्याच डोक्यावर राहतं.

आमच्याकडे खरा फरक पडला तो दोघांच्या फोनवर एकच कॅलेंडर आणि वाणसामानाची एकच यादी आल्यावर. शाळेच्या ग्रुपमध्ये नवराही आला. त्याहून महत्त्वाचं, आम्ही नुसती कामं न वाटता त्यांची काळजीही वाटून घेतली. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याकडे, म्हणजे पाकीट संपत आलंय हे त्यानेच बघायचं, डॉक्टरांची चिठ्ठी जुनी झाली असेल तर त्यानेच नवी आणायची, ॲपवरून मागवायच्या आणि आठवड्याच्या डबीत भरायच्याही त्यानेच. सुरुवातीला मी मधूनमधून डबी उघडून पाहायचे. आता कितवं पाकीट चालू आहे, मला ठाऊक नसतं.