हुबळीच्या रेल्वेचा जमाखर्च

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची जुनी, प्रशस्त इमारत पाहणाऱ्यास ती मुळात विद्यादानासाठी उभारलेली नव्हती, हे सहसा सुचत नाही. सदर्न मराठा रेल्वे या कंपनीचे मुख्य दफ्तर तेथे होते. १९०८ साली त्या कंपनीचे मद्रास रेल्वेशी एकीकरण झाले, कारभार मद्रासेस गेला, आणि १९१७ साली स्थापन झालेल्या कॉलेजास पुढे ती वास्तू लाभली. दफ्तर गेले, परंतु बारा कोसांच्या आतच हुबळी येथे याच कंपनीने १८८५ साली घातलेला कारखाना जागचा हलला नाही. मालक बदलले, रुळांची रुंदी बदलली, इंजिनांचे इंधन बदलले, तरी डब्यांची मोडतोड सांधण्याचे त्याचे काम आजतागायत अखंड चालू आहे. एखादा अवाढव्य उद्योग लाकूड, कोळसा, तेल, पाणी आणि वीज किती गिळतो, त्यांचा हिशेब कसा ठेवतो, आणि कोणता हिशेब ठेवावयाचे त्याच्या ध्यानातच येत नाही, हे समजून घेण्यास हुबळीइतके सोयीचे ठिकाण दक्षिणेत क्वचितच सापडेल.

या रेल्वेचा जन्मच मुळी निसर्गाच्या एका कोपातून झाला. १८७६ ते ७८ या काळात दख्खनवर जो भयंकर दुष्काळ कोसळला, त्यात धान्याच्या अभावाइतकेच धान्य पोचविण्याच्या साधनांच्या अभावानेही माणसे मेली, हे सरकारास उमगले. दुष्काळी मुलखात लोहमार्ग न्यावेत अशी तजवीज झाली, आणि सरकारी हमीवर १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. सोलापूरनजीकच्या होटगीपासून विजापूरवरून गदगपर्यंतचा तिचा मीटरगेज मार्ग १८८४ साली वाहतुकीस खुला झाला. पुढे सह्याद्री ओलांडून पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदराशी सांधा जुळला आणि धारवाडचा कापूस समुद्राकडे जाऊ लागला. परंतु दुष्काळावर उतारा म्हणून आलेल्या या यंत्राची स्वतःची भूकही अफाट होती. रुळांखाली घालावयाचे स्लीपर त्या काळी लाकडाचे असत, आणि ते लाकूड कारवारच्या घाटमाथ्यावरील सागवानी रानांतून येई. अळणावरहून दांडेलीकडे जो फाटा काढण्यात आला, तो मुख्यत्वे लाकूडवाहतुकीसाठीच. उपासमारीपासून मनुष्यास वाचविणाऱ्या गाडीने अरण्य कापले, ही गोष्ट तिच्या कोणत्याही वार्षिक अहवालात खर्चाच्या बाजूस मांडली गेली असण्याचा संभव नव्हता. कारण झाडाची किंमत म्हणजे लाकडाची किंमत, असाच त्या युगाचा शिरस्ता होता.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९५१ साली दक्षिण रेल्वे, १९६६ साली दक्षिण-मध्य रेल्वे, आणि १ एप्रिल २००३ पासून हुबळी हेच मुख्यालय असलेली नैर्ऋत्य रेल्वे, अशा तीन छत्रांखाली हा मुलूख क्रमाने आला. हुबळी, बंगळूर आणि म्हैसूर हे तिचे तीन विभाग. धारवाडातून मद्रासेस गेलेले दफ्तर, या अर्थाने, सुमारे शतकानंतर पुन्हा जवळजवळ घरी परतले. हुबळीच्या स्थानकावरील १,५०७ मीटर लांबीचा फलाट आज जगातील सर्वांत लांब म्हणून ओळखला जातो. पण या लेखाच्या विषयास त्या फलाटापेक्षा त्याच्या आसपासचा कारखाना आणि इंजिनांची शेड अधिक महत्त्वाची.

कारखान्याचे काम म्हणजे नियतकालिक दुरुस्ती. तेथील भाषेत पीओएच. ठराविक मुदतीनंतर प्रत्येक डबा येथे येतो, चाकांवरून उचलला जातो, त्याची बोगी सुटी केली जाते, चाके खरादीवर पुन्हा गोल केली जातात, बेअरिंगे धुऊन तपासली जातात, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला जातो, आणि रंग देऊन डबा पुन्हा मार्गस्थ होतो. एक डबा मोडीत काढून नवा घडविण्यास जितके पोलाद व जितकी ऊर्जा लागेल, तिच्या अल्पांशात जुना डबा कित्येक वर्षे चालविणारी ही व्यवस्था आजच्या भाषेत पर्यावरणस्नेही ठरते. वस्तुतः ती काटकसरीतून जन्मली आहे. विलायतेहून जहाजाने सुटे भाग मागविण्यास महिने लागत, तेव्हा सांधता येईल ते फेकावयाचे नाही हा धडा खलाशापासून फोरमनपर्यंत सर्वांनी गिरविला होता. चाक कातताना निघालेला लोखंडाचा चुरा गोळा होऊन लिलावात विकला जातो, हे काम पृथ्वीच्या रक्षणासाठी योजिलेले नसून दमडीच्या रक्षणासाठी योजिलेले आहे. परिणाम मात्र दोहोंचा एकच. तेल, रंग आणि आम्ल यांचा मामला वेगळा. ती सांडपाण्यात मिसळली तर त्यांची किंमत कोणत्याच लिलावात वसूल होत नाही. म्हणूनच अशा कारखान्यांत शुद्धीकरणाची यंत्रे बसली ती काटकसरीच्या प्रेरणेने नव्हे. कायद्याच्या दाबाने बसली. १९७४ सालचा जलप्रदूषणाविषयीचा आणि १९८६ सालचा पर्यावरण संरक्षणाचा, हे दोन कायदे झाल्यानंतर कारखान्याच्या गटारास प्रथमच दफ्तरी अस्तित्व प्राप्त झाले.

शेडची कहाणी तेलाची आहे. १९९९ साली जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीची चार हजार अश्वशक्तीची नवी डिझेल इंजिने भारतात आली, तेव्हा त्यांचे घर म्हणून हुबळीची निवड झाली. कारण होस्पेटकडील लोहखनिजाच्या अवजड गाड्या सह्याद्री उतरवून मुरगावास नेण्याचे बिकट काम याच मुलखात होते. डिझेलच्या कारभाराचे एक माप रेल्वेत फार जुने आहे: हजार टन वजन एक किलोमीटर वाहून नेण्यास किती लिटर तेल लागले, ते. या एका आकड्यावर शेडची शेडशी, विभागाची विभागाशी तुलना होते, आणि लोको पायलटने हँडल कोठे ओढले व कोठे सोडले याचीही चिकित्सा होते. इंजीन नुसते उभे असतानाही ताशी सुमारे पंचवीस लिटर तेल जाळते, कारण ब्रेकसाठी हवा आणि बॅटरीसाठी वीज त्यास सतत निर्माण करावी लागते. ते बंद करून केवळ तेवढ्या कामापुरते एक लहान इंजीन शेजारी बसविले, तर ताशी तीनेक लिटरांत निभाव लागतो. या साध्या युक्तीने उभ्या इंजिनांचे तेल वाचले. तथापि सबंध भारतीय रेल्वेचा डिझेलचा खप २०१८-१९ च्या सुमारासही वर्षास अडीचशे कोटी लिटरांच्या वर होता. तेव्हा अशा युक्त्यांनी खर्चाची धार बारीक होते, प्रवाह वळत नाही, हे उघड होते.

प्रवाह वळविला तो विजेने. विजेवरील गाडी या देशात प्रथम धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईच्या बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत. परंतु होस्पेट, हुबळी आणि तिनईघाट या मार्गावरील तारांचे राष्ट्रार्पण होण्यास १२ मार्च २०२३ हा दिवस उजाडावा लागला. त्याच वर्षी २७ जूनला धारवाडहून बंगळूरास विजेवरची वंदे भारत गाडी निघाली. विजेच्या इंजिनाचे लाभ एकाहून अधिक आहेत. डब्यांतील दिवे, पंखे आणि वातानुकूलन यांसाठी गाडीच्या टोकांना जे जनित्रांचे डबे जोडले जात, आणि वातानुकूलित गाडीत ताशी साठ लिटरांच्या वर तेल पीत फलाटावर कानठळ्या बसवीत, त्यांची गरज उरली नाही. इंजिनाने वरच्या तारेतून घेतलेली वीजच डब्यांना पुरविता येते. दुसरा लाभ घाटात दिसतो. डिझेलचे इंजीन उतारावर गाडी रोखताना जी वीज निर्माण करते, ती छपरावरील रोधकांत तापून हवेत विरते. आधुनिक विद्युत इंजीन तीच वीज तारेत परत घालते, आणि त्याच वेळी चढ चढणारी दुसरी गाडी ती वापरू शकते. पुण्याहून कर्जतकडे बोरघाट उतरणाऱ्या गाड्यांबाबत हा व्यवहार मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे.

येथपर्यंत सर्व हिशेब रेल्वेच्या बाजूने जमेचा दिसतो, आणि तो खोटा नाही. भारतीय रेल्वेने २०३० सालापर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला आहे. रेल्वे बोर्डात २०१५ साली पर्यावरणासाठी स्वतंत्र खाते निघाले, स्थानकांच्या छपरांवर सौरपट्टिका चढल्या, जुने दिवे जाऊन एलईडी आले. डब्यांतील शौचकूपांची घाण उघड्यावर रुळांत पडण्याची शतकाहून जुनी लाजिरवाणी रीतही जैविक शौचालयांनी संपविली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या साहाय्याने घडविलेल्या त्या टाक्यांत जीवाणू घाणीचे पाण्यात व वायूत रूपांतर करतात, आणि ज्या रुळांस ती घाण गंजवीत असे, त्यांचे आयुष्यही वाढते. ज्या हुबळी-धारवाडच्या अनेक वस्त्यांत मलप्रभेचे पाणी नळास येण्याची वाट आठवडाभर पाहावी लागे, तेथे डबे धुतलेले पाणी शुद्ध करून पुन्हा धुण्यासच वापरणे, हा तर शेजारधर्मच होय.

परंतु प्रत्येक जमाखर्चास एक हद्द असते, आणि खरी परीक्षा त्या हद्दीवर होते. तारेतली वीज येते कोठून? कर्नाटकास काळी नदीचे जलविद्युत् आहे, गदगच्या कप्पतगुड्ड डोंगरावर पवनचक्क्या आहेत, पावगडचे सौर उद्यान आहे, तसेच रायचूर, बळ्ळारी आणि कुडगी येथील कोळशाची औष्णिक केंद्रेही आहेत. आणि देशभरातील एकंदर विजेपैकी बहुतांश अजून कोळशाचीच आहे. हुबळीच्या शेडमधला धूर कमी झाला, तेव्हा त्याचा काही भाग केवळ स्थलांतरित झाला, असे म्हणावे लागते. यातही एक विलक्षण योगायोग असा, की कुडगीचे २,४०० मेगावॅटचे केंद्र त्याच होटगी-गदग मार्गावर आहे, जो १८८४ साली दुष्काळग्रस्तांस धान्य पोचविण्यासाठी बांधला गेला. आज त्या मार्गावरून वाघिणी भरभरून कोळसा जातो.

ही हद्द सर्वांत स्पष्ट दिसली ती घाटात. कॅसलरॉकपासून गोव्यातील कुळेपर्यंतचा सव्वीस किलोमीटरांचा घाट ३७ फुटांस एक फूट अशा तीव्र चढाचा आहे. दूधसागरच्या धबधब्यासमोरून वर चढणाऱ्या गाडीस मागून बँकर इंजिने लावून रेटावे लागते. या एकेरी मार्गाचे दुपदरीकरण करण्याचा प्रस्ताव आला, आणि तो मार्ग गोव्याच्या भगवान महावीर अभयारण्यातून व मोले राष्ट्रीय उद्यानातून जात असल्याने मोठा वाद पेटला. मुरगावात उतरणारा कोळसा बळ्ळारीकडील पोलादाच्या कारखान्यांस अधिक वेगाने पोचविण्यासाठीच ही खटपट आहे, असा गोवेकरांचा आक्षेप होता. २०२० च्या नोव्हेंबरात चांदर येथे लोक रात्रभर रुळांवर बसले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने आपल्या अहवालात म्हटले, की रेल्वेच्या जाळ्यातील सर्वांत अकार्यक्षम अशा या तुकड्याची क्षमता किंचितशी वाढविण्यासाठी पश्चिम घाटाची नाजूक परिसंस्था पणास लावणे समर्थनीय नाही. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली; सखोल अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्याची मुभा मात्र ठेवली.

या निकालात रेल्वेची निंदा शोधणे अन्यायाचे होईल. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा घर्षण इतके अल्प असते, की तेवढाच माल लॉरीने नेण्यास कित्येक पटींनी अधिक इंधन लागते. घाटातून कोळशाच्या लॉऱ्यांची रांग जावी, हे कोणीच इच्छिणार नाही. प्रश्न साधनाचा नसून मोजमापाचा आहे. हजार टन एक किलोमीटर नेण्यास लागलेली वीज रेल्वे काटेकोर मोजते. परंतु ते हजार टन म्हणजे धान्य की कोळसा, ते नेण्यासाठी किती रान मोकळे झाले, आणि ती वीज कोणत्या चिमणीखाली पेटली, हे रकाने त्या तक्त्यात नाहीत. कारखान्यातील खलाशी लोखंडाचा चुरा सांभाळतो, कारण त्याची किंमत दफ्तरी लिहिलेली असते. सांडपाणी स्वच्छ होऊ लागले, ते कायद्याने त्यास किंमत लावली तेव्हा. अरण्याची किंमत न्यायालयास लावावी लागली, याचाच अर्थ ती रेल्वेच्या वहीत अद्याप चढलेली नाही.

काटकसर ही या संस्थेची रक्तात भिनलेली विद्या आहे. ती तिला कोणी शिकविण्याची गरज नाही. गरज आहे ती एवढीच, की जे जे वाचवावयाचे ते ते अगोदर वहीत लिहिले जावे. दुष्काळानंतर सरकारने माणसांच्या उपासमारीस खर्चाच्या बाजूस मांडले, तेव्हाच ही रेल्वे जन्मास आली होती. तितक्याच धिटाईने घाटातील रान आणि वाहिलेला कोळसा यांस आपल्या तक्त्यात रकाना देण्याचे काम हुबळीच्या मुख्यालयाने अंगावर घेतले, तर २०३० चे शून्य हा केवळ हद्दीच्या आतला आकडा राहणार नाही.