बॉक्सवूडची छाटणी : आधी पालवी पाहा

इंग्लंडमधले माळी बॉक्सवूडला कात्री लावतात ती डर्बीच्या सुमारास. एप्समची ही घोड्यांची शर्यत जूनच्या सुरुवातीला होते, आणि बागेतली कुंपणं तेव्हा कातरायची असा जुना रिवाज आहे. बोन्साय करणारे अनेकजण हीच तारीख जशीच्या तशी उचलतात. रिवाज खराच आहे, पण तो झाडाच्या ज्या अवस्थेमुळे पडला ती अवस्था ओळखता आली तर तारखेची गरज उरत नाही. जूनपर्यंत तिथे उशिराचं दहिवर संपलेलं असतं आणि वसंतातली पालवी जून झालेली असते. बॉक्सवूड सदाहरित असल्यामुळे त्याच्या अन्नसाठ्याचा मोठा भाग पानांत आणि फांद्यांत असतो. वसंतात झाड त्यातूनच खर्च करून कोंब काढतं. पोपटी, लुसलुशीत पान गडद आणि ताठ होईपर्यंत झाडाला त्या खर्चाची परतफेड करत नाही. कोवळेपणीच कोंब खुडला तर खर्च वाया जातो. पान पक्कं झाल्यावर, समोरासमोरच्या पानांची एकदोन जोडपी ठेवून शेंडा कापला, तर मागचे झोपलेले डोळे जागे होतात आणि फांदी दाट होते. जाड फांदी काढायची असेल तर मात्र हिवाळा सरताना, डोळे फुगण्याआधी काढावी, म्हणजे जखम भरायला वाढीचा सगळा हंगाम मिळतो. हे झाड फार सावकाश वाढतं, म्हणून मोठे काप एकाच वर्षी उरकू नयेत.

यावर कुणी म्हणेल, इवलंसं झाड आहे, दर पंधरवड्याला कातरलं नाही तर आकार बिघडेल. आकार टिकतो हे खरं, पण तो बाहेरून. सतत कातरल्याने वरती पानांचं घट्ट कवच तयार होतं, आत उजेड पोचत नाही, आतली पानं गळतात आणि पुढे ज्यांच्यावर भिस्त ठेवायची ते डोळेच मरतात. शिवाय कोंदट, ओल्या पानोळ्यात बॉक्सवूडचा करपा फोफावतो. १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये दिसलेल्या या बुरशीने युरोपातल्या कितीतरी जुन्या बागा उजाड केल्या. म्हणून कातरण्याइतकीच आतली विरळणी महत्त्वाची, आणि दोन्ही कामं कोरड्या दिवशी, स्वच्छ कात्रीने व्हावीत. थंड प्रदेशात ऑगस्टनंतर छाटलं तर फुटलेले कोवळे कोंब थंडीत करपतात.

मग महाराष्ट्राच्या पठारासारख्या, जिथे कडाक्याची थंडी नाही अशा ठिकाणी केव्हाही छाटावं का? नाही. इथे धोका उन्हाचा आहे. वरचा पाला काढला की सावलीत वाढलेली आतली पानं एप्रिल-मेच्या उन्हात भाजतात, आणि भर पावसात छाटलं तर ओल्या जखमांवर बुरशीचं भय असतं. त्यामुळे पावसाळा ओसरून हवा कोरडी झाली, की ढगाळ दिवस पाहून, पालवी पक्की झाली असेल तरच छाटावं आणि कुंडी काही दिवस सावलीत ठेवावी.