तळाच्या ओळीतले साल

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर ‘मदर इंडिया’चे पोस्टर हातात आले, की विक्रेता साल सांगतो १९५७. चित्रपटाचे साल तेच आहे. कागदाचे तेच असेल असे मात्र नाही.

आपल्याकडे सिनेमा एकदा लागून संपत नसे. मॅटिनीला, तालुक्याच्या टॉकीजमध्ये, जत्रेच्या तंबूत तो वर्षानुवर्षे फिरून येई आणि वितरक गरजेप्रमाणे नवी पोस्टरे छापून घेई. पोस्टरावर छपाईचे वर्ष घालण्याची पद्धत जवळजवळ नव्हतीच. म्हणून मी आधी नर्गिसकडे पाहत नाही, तळाची पांढरी पट्टी पाहतो.

१८६७च्या मुद्रणविषयक कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण घालणे सक्तीचे केले होते. ती बारीक ओळ म्हणजे पोस्टराचा जन्मदाखलाच. फक्त तारीख नसलेला. ती तारीख पत्त्यातून थोडीफार काढता येते. गिरगावचा छापखाना पूर्वी ‘बॉम्बे ४’ असा पत्ता देई. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला आणि त्याचेच ‘४०० ००४’ झाले. तेव्हा सहा आकडी पिन असलेले ‘मदर इंडिया’चे पोस्टर १९५७चे असणे शक्यच नाही. उलट बाजूने हा नियम चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. पिन नाही म्हणून कागद जुना ठरत नाही. जुना पत्ता पुढेही तसाच छापणारे कमी नव्हते.

दुर्दैवाने हीच पट्टी आधी कापली जाते. फ्रेममध्ये नीट बसावे म्हणून चार बोटे कागद जातो आणि त्याबरोबर पुरावाही. (लॅमिनेशनबद्दल तर न बोललेलेच बरे.)

पट्टी गेली असेल तर भिंग काढावे. लिथोच्या छपाईत रंगाचा कण अनियमित, दगडाच्या खरखरीसारखा दिसतो. ऑफसेटमध्ये ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसते. घड्यांच्या खुणांना मी दोष मानत नाही. पोस्टरे घड्या घालूनच गावोगावी जात. साठ वर्षांचा म्हणून दाखवलेला कागद कोरा सपाट असला, की मी उलट सावध होतो.

एवढा खटाटोप किमतीसाठी नाही. किंमत हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग. भारतीय चित्रपटाचे उपलब्ध सर्वांत जुने पोस्टर म्हणून कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’चे, १९२४चे पोस्टर सांगितले जाते. त्या काळातले बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. अशा चित्रपटांचे पोशाख, नटांचे चेहरे, जाहिरातीची भाषा आपल्याला कागदावरूनच वाचावी लागते. तो कागद वीस वर्षांनंतरचा निघाला, तर आपण वाचतो ती नंतरच्या वितरकाची समजूत. पुनःप्रदर्शनात दरम्यान गाजलेल्या नटाचा चेहरा मोठा होतो, मूळ नायक कोपऱ्यात जातो.

अशी पोस्टरे टाकाऊ मात्र नव्हेत. प्रेक्षकांची आवड कशी सरकली, हे त्यांच्यावरच दिसते. माझ्या वहीत प्रत्येक पोस्टरापुढे दोन रकाने आहेत: चित्रपटाचे साल आणि कागदाचे साल. दुसऱ्यात पुष्कळदा ‘१९७२ नंतर’ एवढेच लिहिता आले आहे.