आधी जेवण, मग नाव

लांब पल्ल्याची गाडी कल्याणला लागली की माणसं जिन्याकडे पळतात. फलाटावर मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची कार्यकर्ती मात्र गाडी रिकामी होईपर्यंत जागची हलत नाही. पोरं तिला दीदी म्हणतात. गर्दी पांगल्यावर जे मागे राहतं ते तिला हवं असतं: जनरल डब्यातून उतरलेलं, हातात पिशवी नसलेलं, इंडिकेटरकडे नुसतं बघत उभं राहिलेलं पोर. दीदी जवळ जाऊन विचारते, ‘जेवलास का रे?’ वडापाव अर्धा संपेपर्यंत दुसरा प्रश्न नाही. पळून आलेलं पोर पहिलं नाव बहुधा खोटंच सांगतं. तेही ती निमूट लिहून घेते.

नव्या पोराच्या बाबतीत घाई करावीच लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करायचं असतं. मुंबईत १९९६ साली सुरू झालेली १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन फलाटावरच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे; दीदी नसेल तेव्हा तो फोन लावतो.

फलाटावरच राहणाऱ्या जुन्या पोरांचं तसं नाही. बाटल्या वेचणारा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा पोतं भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवतो. ‘माल ओला आहे,’ म्हणून भंगारवाला वजन कापतो. हाती आलेले पैसे भुर्जीपाव आणि सिनेमात रात्रीपर्यंत संपतात. वरवर उधळेपणा वाटतो. पण झोपेत खिसा साफ होतो, तेव्हा पोटात गेलं तेवढंच आपलं. ताप आला तर बरोबरची पोरंच चहा-बिस्कीट आणून देतात. व्हाइटनर हुंगायला शिकवणाराही त्यांच्यातलाच असतो.

या मुलाला दीदी आई-बापाबद्दल आधी विचारत नाही. रात्री कुणाशेजारी झोपतोस, पैसे कुणाकडे ठेवतोस, कुणाला घाबरतोस, एवढंच हळूहळू काढून घेते. त्याच्याबरोबर एक धाकटा जोडीदार असतो. दोघांचं ताट एक. समितीपुढे जायची वेळ आली की दोघांना एकाच बालगृहात ठेवा, असा तिचा हट्ट असतो. एकट्याला नेलेलं पोर दुसऱ्याला शोधायला पळतं आणि शोधायची जागा त्याला एकच माहीत असते: हा फलाट. मग दीदीला पुन्हा ‘जेवलास का’पासून सुरुवात करावी लागते, आणि या वेळी पोर तिच्यावर आधीपेक्षा कमी विश्वास ठेवतं.